आचार्य जगदीशचंद्र बोस : यंत्रकार शास्त्रज्ञाचे चरित्र

वनस्पतींना जीव असतो हे जगदीशचंद्र बोस यांनी शोधून काढले, असे आपण शाळेत शिकलेले असतो. विधान लक्षात ठेवायला सोपे आहे, पण ते खरे नाही. वनस्पती सजीव आहेत हे बोस यांच्या जन्मापूर्वीच शास्त्राला ठाऊक होते आणि आपल्या परंपरेलाही त्याविषयी कधी शंका नव्हती. बोस यांनी जे केले ते याहून निराळे आणि पुष्कळ अवघड होते. वनस्पतीच्या देहात क्षणोक्षणी घडणाऱ्या, पण डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या घडामोडी त्या वनस्पतीकडूनच लिहवून घेणारी यंत्रे त्यांनी घडवली. त्याआधी अदृश्य विद्युतलहरींच्या बाबतीतही त्यांनी हेच केले होते. भौतिकशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, बंगाली लेखक अशी त्यांची अनेक रूपे आहेत. प्रस्तुत पाठात आपण त्यांच्याकडे मुख्यतः यंत्रकार म्हणून पाहणार आहोत, कारण त्यांच्या यशाचे आणि काही अंशी त्यांच्या अपयशाचेही मूळ तेथे आहे.

बालपण आणि शिक्षण

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. त्यांचे घराणे विक्रमपूर परगण्यातील राढीखाल या गावचे. हा प्रदेश आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र हे ब्राह्मो समाजाचे अनुयायी आणि सरकारी सेवेतील दंडाधिकारी होते. त्या काळी वरच्या पदावरील भारतीय अधिकारी आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालणे प्रतिष्ठेचे मानीत. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला फरीदपूरच्या बंगाली शाळेत घातले. तेथे त्याच्या शेजारी कोळ्याचा मुलगा बसे, वडिलांच्या मुसलमान शिपायाचा मुलगा बसे. मुलाला शाळेत पोचवणारा नोकर हा पूर्वाश्रमीचा दरोडेखोर होता. भगवानचंद्रांनीच त्याला शिक्षा ठोठावली होती आणि सुटून आल्यावर त्यांनीच त्याला कामावर ठेवले होते. ही हकिकत कल्पित कथेसारखी वाटते. परंतु बोस यांच्या हयातीत पॅट्रिक गेडिस यांनी लिहिलेल्या चरित्रात ती नोंदलेली आहे.

पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफाँ या बेल्जियन जेझुइट अध्यापकांकडे त्यांनी भौतिकशास्त्र शिकले. फादर लाफाँ वर्गात प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवण्याबद्दल प्रसिद्ध होते. १८८० मध्ये जगदीशचंद्र वैद्यकीच्या शिक्षणासाठी लंडनला गेले. पण वारंवार येणाऱ्या तापाने त्यांना तो अभ्यासक्रम सोडावा लागला आणि ते केंब्रिजच्या क्राइस्ट्स महाविद्यालयात निसर्गविज्ञानाकडे वळले. तेथे भौतिकशास्त्रात लॉर्ड रॅले आणि वनस्पतिशास्त्रात सिडने व्हाइन्स व फ्रान्सिस डार्विन असे अध्यापक त्यांना लाभले. आजारपणामुळे बदललेल्या या वाटेवर भौतिकी आणि वनस्पती या दोन्ही विषयांची बीजे एकाच वेळी पडली.

तीन वर्षे बिनपगारी

१८८५ मध्ये ते मायदेशी परतले आणि कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. नेमणूक सहजासहजी मिळाली नाही. भारतीय माणूस विज्ञान शिकवू शकेल यावर शिक्षणखात्यातील वरिष्ठांचा विश्वासच नव्हता. नेमणूक झाली तीही हंगामी. इंग्रज प्राध्यापकाला मिळणाऱ्या वेतनाच्या दोनतृतीयांश वेतन भारतीय प्राध्यापकाला मिळे. हंगामी म्हणून बोस यांच्या वाट्याला त्याच्याही निम्मे आले, म्हणजे इंग्रज सहकाऱ्याच्या एकतृतीयांश. त्यांनी निषेधाचे जाहीर भाषण केले नाही आणि राजीनामाही दिला नाही. ते रोज शिकवत राहिले; पगार मात्र घेतला नाही. असे तीन वर्षे चालले. घरची स्थिती तेव्हा चांगली नव्हती. लोकोपयोगी उद्योग उभारण्याच्या खटपटीत वडील कर्जबाजारी झाले होते. याच काळात, १८८७ मध्ये, अबला दास यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे लेडी अबला बोस यांनी बंगालमधील स्त्रीशिक्षणासाठी मोठे कार्य केले. बिनपगारी वर्षांतील संसाराचा भार त्यांनीच पेलला, हे चरित्रकार बहुधा एका ओळीत उरकतात. अखेरीस सरकारने बोस यांची नेमणूक कायम केली आणि पूर्ण वेतन मागील तारखेपासून दिले. ती रक्कम वडिलांचे कर्ज फेडण्याच्या कामी आली.

पाच मिलिमीटरच्या लहरी

वयाच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, म्हणजे १८९४ मध्ये, त्यांनी उर्वरित आयुष्य संशोधनाला वाहण्याचा निश्चय केला. महाविद्यालयात प्रयोगशाळा अशी नव्हतीच. एका लहानशा खोलीत, स्थानिक कारागिराला हाताशी धरून आणि पदरचे पैसे खर्चून त्यांनी काम सुरू केले.

विषय होता विद्युतलहरींचा. प्रकाश आणि विद्युतलहरी एकाच जातीच्या आहेत असे मॅक्सवेल यांनी गणिताने सांगितले होते आणि हर्ट्झ यांनी अशा लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या होत्या. परंतु त्या लहरी लांब होत्या. त्यांचे परावर्तन, वक्रीभवन किंवा ध्रुवण तपासायचे तर उपकरणेही अवाढव्य लागत. बोस यांनी लहरीच आखूड केली. त्यांनी सुमारे पाच मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. त्यामुळे प्रकाशशास्त्रातील सगळे प्रयोग एका टेबलावर मावू लागले.

त्यांच्या या काळातील साधनांकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. लहरींचे ध्रुवण करण्यासाठी त्यांनी चक्क एक पुस्तक वापरले: ब्रॅडशॉचे जाडजूड रेल्वे वेळापत्रक. त्याच्या पानांमध्ये कथलाचे पातळ पत्रे सरकवले की लहरींची एक दिशा अडे आणि दुसरी पार होई. साखरेचे द्रावण प्रकाशाचे ध्रुवणप्रतल वळवते. तसेच विद्युतलहरींचे वळवता येईल का, हे पाहण्यासाठी त्यांनी बंगालच्या घरोघरी असणारा ताग घेतला, त्याला पीळ दिला आणि त्या पिळाच्या जुड्यांतून लहरी सोडल्या. प्रतल वळले. उलट पीळ दिला, तर ते उलट वळले. लहरी टिपण्यासाठी तेव्हा लोखंडाचा कीस भरलेली नळी वापरत; बंगालच्या दमट हवेत हा कीस गंजून निकामी होई. बोस यांनी त्याऐवजी पोलादी स्प्रिंगांची रांग बसवली आणि स्क्रूने तिच्यावरील दाब नेमका राखण्याची सोय केली. लहरी गोळा करण्यासाठी त्यांनी केलेले नरसाळ्यासारखे धातूचे मुख आज ‘हॉर्न अँटेना’ या नावाने अभियंत्यांच्या नित्य परिचयाचे आहे.

१८९५च्या सुमारास त्यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जाहीर प्रयोग केला. बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहातून आणि भिंतींमधून पार गेलेल्या लहरींनी पलीकडच्या खोलीतली घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. तार नाही, दोरी नाही! लंडन विद्यापीठाने १८९६ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली आणि २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले.

येथे एक प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. मग बिनतारी संदेशाचा जनक म्हणून मार्कोनी यांचे नाव का घेतले जाते? न्याय दोघांनाही द्यायला हवा. बोस यांना लहरींचे गुणधर्म समजून घ्यायचे होते. मार्कोनींना दूरवर संदेश पाठवायचा होता आणि त्यासाठी त्यांनी अतोनात उद्योग केला. मात्र डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडून आलेला पहिला संकेत ज्या पाऱ्याच्या ग्राहकाने टिपला, त्याचे मूळ बोस यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोखंड-पारा-लोखंड या रचनेत आहे, असे विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांनी साधार मांडले. मार्कोनींना १९०९ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला, तेव्हा हे कोणाच्याही बोलण्यात नव्हते.

दूरसंदेश कंपनीच्या एका धनाढ्य मालकाने १९०१ मध्ये लंडनमध्ये बोस यांच्यापुढे एकस्वाचा आणि भागीदारीचा प्रस्ताव ठेवला होता. त्यांनी तो नाकारला आणि धनलोभाच्या त्या दर्शनाने आलेला विषाद मित्र रवींद्रनाथ ठाकूर यांना पत्राने कळवला. तरीही बोस यांच्या नावावर एक महत्त्वाचे एकस्व आहे. गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकावर धातूचे टोक टेकवून केलेला तो ग्राहक होता. भगिनी निवेदिता आणि श्रीमती सारा बुल यांनी आग्रह धरून त्यांना अमेरिकेत अर्ज करायला लावला. १९०१ मध्ये केलेल्या त्या अर्जाला २९ मार्च १९०४ रोजी मंजुरी मिळाली. अर्धवाहक पदार्थावर आधारलेल्या साधनाचे हे जगातील पहिले एकस्व मानले जाते. बोस यांनी त्यातून एक पैसाही मिळवला नाही. त्याचा पाठपुरावाच केला नाही. या निःस्पृहतेचा आपण गौरव करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्या वृत्तीमुळे त्यांच्या शोधाला कारखाना लाभला नाही, आणि कारखाना नसल्याने नाव मागे पडले, हीसुद्धा त्याच गोष्टीची दुसरी बाजू आहे.

थकणारा धातू, थकणारे पान

वनस्पतींकडे बोस कसे वळले, हे समजून घेण्यासाठी पुन्हा त्या लहरी टिपणाऱ्या साधनाकडे यावे लागते. दीर्घकाळ वापरल्यावर ते साधन मंद होते आणि विश्रांती दिल्यावर पुन्हा तल्लख होते, असे त्यांच्या ध्यानात आले. निर्जीव धातू थकतो, हे कसे? त्यांनी धातूच्या प्रतिसादाचे आलेख काढले आणि ते प्राण्याच्या स्नायूच्या आलेखाशेजारी ठेवले. दोन्हींत विलक्षण साम्य होते. मग त्या दोहोंच्या मध्ये कोण उभे आहे? वनस्पती! त्यांनी झाडांची पाने आणि बाजारातील गाजर-सलगम आणून तपासले. त्यांच्यातही विद्युत प्रतिसाद मिळाला.

१९०० मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र परिषदेत त्यांनी हा विषय मांडला. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला, तेव्हा शरीरक्रियाशास्त्रातील अग्रणी बर्डन सँडरसन यांनी आक्षेप घेतला. भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या क्षेत्रात राहावे असा त्याचा सूर होता. निबंधाच्या शीर्षकातील ‘प्रतिसाद’ हा शब्द बदलावा अशी सूचनाही झाली. बोस यांनी शब्द बदलला नाही. निबंध छापला गेला नाही. त्यांनी आपले सर्व प्रयोग १९०२ मध्ये स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि त्यानंतर एकामागून एक ग्रंथ लिहिले. या लेखनाच्या कामी भगिनी निवेदितांनी १९११ मधील आपल्या मृत्यूपर्यंत मोठे साहाय्य केले.

मात्र केवळ लिहून आक्षेपकांचे समाधान होणार नव्हते. माणसाचा हात आणि माणसाचे डोळे या दोन्हींवर अविश्वास दाखवता येतो. म्हणून नोंद वनस्पतीनेच केली पाहिजे, हे बोस यांनी ओळखले. लाजाळूचे पान मिटताना हलके तरफ ओढील आणि तरफेचे टोक काजळी धरलेल्या काचेवर रेघ काढील, अशी योजना त्यांनी केली. अडचण अशी की काचेशी होणारे घर्षणच पानाच्या इवल्याशा शक्तीला भारी पडे. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे त्यांच्या यंत्रकौशल्याचा अस्सल नमुना आहे. लेखणीचे टोक काचेवर टेकूनच राहिले नाही, ते ठरावीक वेगाने कंप पावू लागले आणि काचेला क्षणमात्र स्पर्श करून मागे सरू लागले. रेघेच्या जागी ठिपक्यांची माळ उमटू लागली. घर्षण गेले, शिवाय दोन ठिपक्यांमधील काळ आधीच माहीत असल्याने कालमापनही आपोआप झाले. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतचा काळ आता लाजाळू स्वतः लिहून देत होती.

याच मार्गाने पुढे वाढ मोजणारे प्रसिद्ध यंत्र आले. रोपाची वाढ इतकी मंद असते की ती मोजायला पूर्वी कित्येक तास लागत. तेवढ्यात हवामानच बदलून जाई. एकाला एक जोडलेल्या तरफांच्या साहाय्याने बोस यांनी ती दहा हजार पट मोठी करून दाखवली आणि पुढे चुंबकाच्या योजनेने एक कोटी पटीपर्यंत नेली. भाषेच्या अभ्यासकांना या यंत्रांच्या नावांची कथा रुचेल. बोस यांनी आरंभी आपल्या यंत्रांना ‘कुंचनमान’, ‘शोषणमान’ अशी संस्कृत नावे दिली होती. परदेशात त्यांचे उच्चार इतके विचित्र होऊ लागले की ‘कुंचनमान’चा ‘कांचनमॅन’ झाला. तेव्हा नाइलाजाने लॅटिन मुळाचा आश्रय घेऊन त्यांनी वाढ मोजणाऱ्या यंत्राला ‘क्रेस्कोग्राफ’ म्हटले. लंडनमध्ये या यंत्राविषयी जाहीर शंका घेतली गेली, तेव्हा १९२० मध्ये तेथील शास्त्रज्ञांच्या एका गटासमोर प्रयोग करून त्यांनी ती दूर केली. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. ज्या संस्थेने निबंध बाजूला ठेवला होता, तिच्या दारातून आत जायला त्यांना एकोणीस वर्षे लागली.

पाणवनस्पतीचे बुडबुडे

१९१५ मध्ये प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी त्यांनी कोलकात्यात आपल्या घराशेजारीच ‘बसू विज्ञान मंदिर’ स्थापन केले. येथे लागलेल्या शोधांवर कोणीही एकस्व घेणार नाही, ते सर्वांचे असतील, असे त्यांनी उद्घाटनाच्या वेळीच जाहीर केले. निवेदितांना प्रिय असलेले वज्र हे संस्थेचे चिन्ह ठरले.

याच वास्तूत त्यांनी प्रकाशसंश्लेषणावर काम केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सूर्यप्रकाशात हिरवी वनस्पती कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून अन्न तयार करते आणि प्राणवायू बाहेर टाकते, हे आपणास ठाऊक आहे. पाण्याखालील वनस्पतीच्या बाबतीत हा वायू बुडबुड्यांच्या रूपाने दिसतो. ते बुडबुडे मोजले की अन्ननिर्मितीचा वेग कळतो. परंतु बुडबुडे लहानमोठे येतात आणि मोजणाऱ्याचे डोळे थकतात. बोस यांनी तळ्यात मुबलक मिळणारी हायड्रिला ही वनस्पती पाण्याच्या बाटलीत ठेवली आणि वायू बाहेर पडण्याच्या वाटेवर पाऱ्याच्या थेंबाची झडप बसवली. वायूचा दाब ठरावीक मर्यादेला पोचला की पारा उचलला जाई, एक बुडबुडा निसटे, आणि त्याच हालचालीने विद्युतमंडल पूर्ण होऊन फिरत्या नळकांड्यावर एक खूण उमटे. सूर्यापुढून ढग सरकला की खुणा विरळ होत. ऊन पडले की दाट. पंचवीस वर्षांपूर्वी विद्युतलहरी टिपताना वापरलेला पारा येथे पुन्हा कामी आलेला आपणास दिसेल. विषय बदलला होता, हात तोच होता.

या कामात त्यांना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. उन्हाळ्यातील हायड्रिला हिवाळ्यातील हायड्रिलेपेक्षा वेगळी वागत होती. तिच्या देहात आम्ल अधिक होते, आणि बाहेरून कार्बन डायऑक्साइड न मिळताही ती प्राणवायू सोडत होती. तिच्यातील मॅलिक आम्ल कार्बन डायऑक्साइडची जागा घेत असावे, असा निष्कर्ष बोस यांनी काढला. समकालीन वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

यश आणि मर्यादा

बोस यांचे सारेच निष्कर्ष टिकले नाहीत, हेही आपण नमूद केले पाहिजे. झाडाच्या खोडातील जिवंत पेशींच्या स्पंदनाने रस वर चढतो, असे त्यांनी १९२३ मधील ग्रंथात मांडले. पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाच्या ओढीने पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो, हे स्पष्टीकरण त्यापूर्वीच पुढे आले होते आणि आज तेच ग्राह्य मानले जाते. धातू, वनस्पती आणि प्राणी यांच्यातील ऐक्याचा विचार त्यांना इतका प्रिय होता की काही वेळा आलेखातील साम्याला त्यांनी कारणांतील साम्य मानले. शिवाय त्यांची यंत्रे इतकी नाजूक होती की कोलकात्याबाहेर ती चालवणारे हात क्वचितच सापडत. प्रयोग दुसऱ्यांना करता आला नाही, तर तो कितीही खरा असला तरी शास्त्रात रुजत नाही. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या वर्गात बसले. पण वनस्पतींच्या कामाचा वारसा त्याच तोलाने पुढे नेणारी परंपरा मात्र निर्माण झाली नाही.

साहित्याचे विद्यार्थी म्हणून त्यांच्या बंगाली लेखनाची दखल आपण घ्यायला हवी. १८९६ मध्ये त्यांनी केशतेलाच्या एका व्यापाऱ्याने जाहीर केलेल्या कथास्पर्धेत निनावी कथा पाठवली. तिच्यात समुद्रातले वादळ तेलाच्या एका बाटलीने शांत होते. ती बंगालीतील आरंभीच्या विज्ञानकथांपैकी एक समजली जाते. त्यांचे निबंध १९२१ मध्ये ‘अव्यक्त’ या नावाने संग्रहित झाले. संग्रहाचे हे नाव त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारावरही शोभले असते.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. एकोणऐंशीवा वाढदिवस आठवड्यावर आला होता. १९५५ मध्ये पिअर्सन आणि ब्रॅटन यांनी अर्धवाहकांच्या संशोधनाचा इतिहास लिहिताना स्फटिकाने लहरी टिपण्याचे श्रेय बोस यांना दिले. यांतील ब्रॅटन हे ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक होत. १९६० नंतर वनस्पतींमध्ये अन्ननिर्मितीचा एक वेगळा मार्ग उघडकीस आला. त्यात कार्बन आधी मॅलिक आम्लासारख्या आम्लांत बांधला जातो. उष्णता वाढली आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की हायड्रिला याच मार्गाकडे वळते, हे पुढे सिद्ध झाले. तेव्हा संशोधकांनी १९२४चा तो ग्रंथ कपाटातून काढून पुन्हा वाचायला घेतला.